पंगतीतला एक पाट

१

मशीनच्या खोलीत पायताण घालून जायचं नाही, हा गणपतरावांच्या ऑफिसातला पहिला आणि शेवटचा नियम. बाकीचे नियम त्यांनी केले नव्हते, आणि केले असते तरी कुणी पाळले नसते. शाहूपुरीत गुळाच्या वखारीवर ते ऑफिस होतं. लाकडी जिना चढून वर आलं की टेबलं मांडलेली बाहेरची खोली, आणि तिच्या पोटात काचेच्या दाराची, एसी लावलेली मशीनची खोली. कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही, म्हणून काचेच्या दाराशी सगळ्यांनी पायताणं काढायची. अंबाबाईच्या देवळात एखादा विसरेल, इथं विसरून चालायचं नाही.

मीनाक्षीनं त्या दिवशी चपला काढल्या नाहीत, भिरकावल्या. एक भिंतीवर आपटून उलटी पडली, ती सरळ करायचीही तिनं तसदी घेतली नाही. बापामागं राहिलेलं त्याचं मोठं मनगटी घड्याळ ती वापरायची. टाइप करताना त्याचा सैल पट्टा मध्ये येतो म्हणून तिनं ते काढून मॉनिटरवर ठेवलं, आणि समोरच्या कागदांकडं अशी बघायला लागली की कागदांना लाज असती तर ते जागच्या जागी पेटले असते.

कागद यज्ञेश्वरचे होते. पट्टीसारखे एकाला एक जोडलेले, दोन्ही कडांना भोकं असलेले, टेबलावरून जमिनीवर आणि जमिनीवरून कपाटापर्यंत गेलेले. एका साखर कारखान्यासाठी यज्ञेश्वरनं दोन वर्षांमागं एक छोटी हुकमाची भाषा तयार केली होती. कुणाचा ऊस आधी तोडायचा, कुठली टोळी कुठल्या गावाला पाठवायची, हे कारखान्यातल्या कारकुनानं इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या साध्या मराठीत लिहायचं, आणि मशीननं ते ऐकायचं. लिहिलेल्या ओळीतला शब्द न् शब्द वेगळा करून, त्याचा अर्थ लावून, पुढं काय करायचं ते ठरवणारा जो भाग, त्याला पार्सर म्हणत. हे कागद म्हणजे तो पार्सर. भाषेचं गावभर कौतुक झालं. आणि गेल्या उन्हाळ्यात यज्ञेश्वर पुण्याच्या मोठ्या कंपनीत निघून गेला. सांगून नाही, विचारून नाही. एका सोमवारी आला नाही, एवढंच.

आता दसरा तोंडावर आला होता. गाळप सुरू व्हायच्या आत कारखान्याला भाषा चटपटीत चालायला हवी होती, आणि यज्ञेश्वरचा पार्सर बैलगाडीसारखा चालत होता.

"मीनाताई, एवढं झाडूनपुसून द्या बघा," गणपतराव म्हणाले होते. "झालं की यज्ञेश्वरची खुर्ची तुमची. कारखाना सगळा तुमच्या हातात. न्हाय जमलं तर मग पुण्यावरनं माणूस आणायला लागंल मला. मग तुमी हाईसाच की हिशोबाची बिलं टायपायला."

झाडूनपुसून म्हणे! तीन वर्षं या ऑफिसात ती यज्ञेश्वरच्या चुका निस्तरत आली होती. त्यानं कौतुक घ्यायचं आणि हिनं खरकटी काढायची. ती खुर्ची तिला हवीच होती. हवी म्हणजे कशी, तर रात्री झोपेत दात खायला लावील इतकी हवी होती.

२

यज्ञेश्वरचं लिखाण म्हणजे खानावळ होती. हा विनोद नव्हे. शहाणी माणसं प्रोग्राममध्ये कामाला शोभतील अशी नावं देतात. या गृहस्थानं शब्द आत घ्यायच्या भागाला 'दार' म्हटलं होतं, शब्द एका रांगेत ठेवायच्या जागेला 'पंगत', रांगेतल्या एकेका घराला 'पाट'. आणि ओळखीचा नसलेला शब्द आला तर तो ज्याच्याकडं जाई त्या भागाचं नाव होतं 'पावणं'.

ही खानावळ कुणाची, हे मीनाक्षीला कुणी सांगायला नको होतं. ती तिच्या आईची होती. मंगळवार पेठेत दोन खोल्यांत धोंडूबाई खानावळ चालवायची. दुपारी बारा वाजले की पाट मांडले जायचे आणि कोर्टातले कारकून, कॉलेजची पोरं, एकटेदुकटे मास्तर जेवून जायचे. चुलीशेजारचा पाट मीनाक्षीचा. त्यावर दुसरं कुणी बसलेलं धोंडूबाईला चालायचं नाही. आणि दाराजवळचा पाट कुणाचाच नव्हता. तो येईल त्याचा. जेवणाच्या वेळेला दारात जो उभा राहील त्याला आधी 'बसा पावणं' म्हणायचं, आणि कोण, कुठला, ते त्याचं पोट भरल्यावर विचारायचं. यज्ञेश्वर पहिल्यांदा आला तो त्याच पाटावर. पुढं तो घरचाच झाला. मीनाक्षीच्या वाटणीचा मटणाचा तुकडा त्याच्या ताटात जायला लागला, तेव्हा कुठं तिला कळलं की बामणाचं पोर मटणही खातं.

"तुझा लाडका काय करून गेलाय बघ," त्या दुपारी ती भाकरी मोडत फणकारली. "मशीनमधे पंगत मांडलीया त्यानं. ज्या शब्दाला काय अर्थ न्हाय, त्यालाबी पाट! चूक हाय म्हणून सांगायचं सोडून बसवून ठेवतंय. दोन वर्सं बसलीत ती भुतं तिथं, म्हणूनच मशीन रडतंय."

"मग? दारात आलेल्याला हाकलायचं व्हय?" धोंडूबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली.

"शब्द हाईत ते, आई. माणसं न्हवं."

"मला काय कळतंय त्यातलं. पर भरल्या ताटावरनं वैऱ्यालाबी उठवू नये, एवढं कळतंय."

मीनाक्षीनं हातातला तुकडा ताटात टाकला. यज्ञेश्वर पळाला तरी आईच्या तोंडात त्याचीच बाजू. तिनं हात धुतले आणि सायकलवर टांग मारली.

३

साफसफाईची तिची रीत सरळ होती. आधी घाण किती आहे ते बघायचं, मग हात घालायचा. तिनं भाषेला एक खोटा हुकूम दिला. टोळीच्या नावाच्या जागी 'भोपळा' लिहिलं. मशीननं चूक दाखवली नाही. हिरव्या अक्षरांत उत्तर आलं, 'बसा पावणं', आणि भोपळा जाऊन पंगतीत बसला. पुढं कधी कुणी भोपळ्याचा अर्थ सांगितला तर तो पाटावरून उठून कामाला लागणार. कारकुनांना हे भारी आवडायचं म्हणे. ते वाचून मीनाक्षीच्या मस्तकात तिडीक गेली.

तिनं पंगत उठवली. दोन वर्षांचे साठलेले शब्द एकेक करून काढले. कारकुनांच्या चुका, कुणाच्या गावांची नावं, कुणी थट्टेनं लिहिलेल्या शिव्या. सगळे पाट मोकळे केले आणि किती बसलेत ते मशीनला विचारलं.

एक, मशीन म्हणालं.

तिनं पुन्हा मोकळे केले. पुन्हा एक.

मोजणीत एकाचा घोळ होणं ही या धंद्यातली सर्वांत जुनी चूक आहे. तिनं ती शोधली. ती नव्हती. मग पाटावर काय आहे ते छापायला सांगितलं. प्रिंटर करकर करत एक ओळ मारून थांबला. प्रिंटरचं डोकं ओळभर पुढं गेलं होतं, त्यातल्या अक्षरं उमटवणाऱ्या सुया आपटलेल्या तिनं स्वतः ऐकल्या होत्या. कागद मात्र कोरा. रिबन संपली असंल म्हणून तिनं नवी घातली. परत तेच. तिनं कागद उजेडाकडं धरला, तेव्हा सुयांचे खड्डे दिसले. एकावर एक इतके खड्डे, की अक्षर कुठलं ते कळू नये. बोट फिरवलं तर कागद ओलसर लागला. एसीचं पाणी, ती मनाशी म्हणाली. गेल्या महिन्यातच तो गळत होता.

'पावणं' या भागाच्या डोक्यावर यज्ञेश्वरनं एक सूचना लिहून ठेवलेली होती. संबंध प्रोग्राममध्ये तेवढी एकच. 'जेवण होईतो उठवू नये.'

"आईचा पढतमूर्ख," मीनाक्षी मोठ्यांदा म्हणाली.

काचेच्या दारातून आकाराम आत आला. आकाराम म्हणजे ऑफिसचा शिपाई, वखारीतून वर आलेला, साठीला टेकलेला माणूस. त्याच्या हातात चहाचे दोन कप होते.

"दुसरा कुणाला?" तिनं विचारलं.

"पावण्यास्नी."

"कुठलं पावणं?"

आकारामनं खोलीत एकवार नजर फिरवली आणि जरा ओशाळला. "काचंतनं दोगं दिसला जणू. आन भाईर पायताण हाय की."

ती उठून दाराशी गेली. तिच्या चपलांशेजारी एक जोड होता. कोल्हापुरीच, पण आता ती चामड्याची म्हणायची की मातीची, असा प्रश्न पडावा इतकी जुनी. टाचा एका बाजूला झिजलेल्या, अंगठे तुटून पुन्हा शिवलेले, वर पांढरी धूळ. लांबून चालत आलेल्या माणसाचं पायताण. आणि ते नीट जोडून ठेवलेलं होतं, पाहुण्याच्या घरी ठेवतात तसं. तिची उलटी पडलेली चप्पलही कुणीतरी सरळ करून ठेवली होती.

"खालचा हमाल पाणी प्यायला आला असंल," ती म्हणाली.

"हमाल कशाला काढंल पायताण," आकाराम म्हणाला. तरी दोन्ही कप तो टेबलावर ठेवून गेला.

४

मीनाक्षी भित्री नव्हती. भ्यायला सवड लागते, आणि तिच्याकडं रागाशिवाय दुसऱ्या कशाला जागा नव्हती. ती खुर्चीत बसली तेव्हा तिच्या पाठीमागं खोलीचा जो अर्धा भाग होता, तिथं कुणी बसलंय असं तिला वाटत राहिलं खरं. माणूस जेवताना जसा गप्प असतो, तसं गप्प. प्रिंटरचा पंखा, एसीची घरघर आणि त्याच्या खालून कसलातरी सावकाश, चघळल्यासारखा आवाज. तिनं तीनदा मान वळवली. कपाट होतं, कागद होते. आपणच आपल्याला भिववतोय याचा तिला इतका संताप आला की कान तापले.

"खुर्ची माझी हाय," ती पडद्याकडं बघून म्हणाली. "यज्ञ्याची न्हवं आन तुझीबी न्हवं. ऊठ."

आणि तिनं 'पावणं' हा भाग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पुसला. पंगत पुसली. पाट पुसले. यज्ञेश्वरची ती सूचना तर दात खाऊन, एकेक अक्षर करत पुसली. त्या जागी दोनच ओळी घातल्या. अनोळखी शब्द आला तर मशीननं म्हणायचं, 'ओळख नाही. जागा नाही.' बस. भाषा भाषेसारखी असावी, धर्मशाळा नव्हे. मग रागाच्या भरातच तिनं नवा प्रोग्राम, जुना जपून ठेवलेल्या दोन्ही फ्लॉपींवर, जुन्याच्या डोक्यावर उतरवला, म्हणजे गणपतरावांना उद्या जुन्याचा पुळका आला तरी जुनं काही शिल्लक राहायला नको.

चघळल्याचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते तिला कळलं नाही.

मग बाहेर पायताणं करकरली. कोल्हापुरी पायताणाची करकर, नवी असताना माणूस मिरवतो तसली नव्हे. सुकलेल्या चामड्याची, अंगावर ओरखडा काढणारी. ती दारापासून जिन्यापर्यंत गेली, जिन्याच्या एकेका पायरीवर थांबत खाली उतरली, आणि वखारीतल्या गुळाच्या वासात कुठंतरी नाहीशी झाली. मीनाक्षीनं दार उघडून बघितलं. तिच्या एकटीच्याच चपला होत्या.

टेबलावरचा दुसरा कप अर्धा प्यालेला होता. आकारामनंच तोंड लावलं असणार, तिनं ठरवलं. मशीनला हुकूम दिला तर डोळ्यांचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. ती एकटीच हसली. इतकी खुशीत निघाली की घड्याळ मॉनिटरवरच विसरली.

रात्री जेवताना तिनं आईला सांगितलं, "काढून टाकली तुझी पंगत."

धोंडूबाईचा हात वाढता वाढता थांबला. "रिकामी हुती न्हवं?"

मीनाक्षीनं आधी भाकरीचा तुकडा मोडला. "रिकामीच की."

आईनं तिच्या तोंडाकडं बघितलं. जेवण झाल्यावर मीनाक्षीनं दाराजवळचा पाट उचलून भिंतीला उभा केला. उद्यापासनं हाही नको, असं तिनं सांगितलं. आता आपण मोठ्या खुर्चीवर बसणार, घरात रस्त्यावरचं कुणी येऊन बसायला नको. धोंडूबाई चुलीतली राख ओढत राहिली.

५

दुसऱ्या दिवशी मॉनिटरवर घड्याळ नव्हतं. तिनं आकारामला असं झापलं की खालच्या वखारीतले हमाल वर मान करून बघायला लागले. बिचारा शपथा घेत होता. शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती थांबली नाही.

मग गणपतराव आले. नवी खुर्ची, झाडलेलं मशीन, खुशीतला मालक. त्यांनी हुकूम दिले, मशीननं झटाझट पाळले. "नाद न्हाय!" ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "आता तुमच्या नावानं घ्या की एक. पैला हुकूम तुमच्या नावाचा."

हुकूम देणाऱ्याचं नाव आधी लिहायचं असा त्या भाषेचा नियम होता. ऑफिसातल्या सगळ्यांची नावं मशीनला पहिल्या दिवसापासून माहीत होती. तिनं आपलं नाव लिहिलं.

'ओळख नाही. जागा नाही.'

गणपतराव खो खो हसले. "तुमी झाडलेलं मशीन तुमासनीच वळखंना व्हय!"

ती हसली नाही. तिनं नावांची यादी उघडली. नाव होतं, जिथं असायला हवं तिथं, अक्षर न चुकता. तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. आणखी एकदा. कुठंतरी आपल्याच हातून काहीतरी कापलं गेलंय, जखम छोटी असणार, सापडेल, असं स्वतःला बजावत ती ओळीमागून ओळी तपासत राहिली. आकारामनं चहा आणला. गणपतरावांना दिला, बाहेर टेबलावरच्या दोघांना दिला, आणि ट्रे घेऊन तिच्यासमोरून निघून गेला. सकाळच्या शिव्यांचा राग काढतोय म्हातारा, ती मनात म्हणाली.

थोड्या वेळानं गणपतरावांनी कागदातून डोकं वर केलं. तिच्याकडं बघितलं, मग तिच्या अनवाणी पायांकडं, मग पुन्हा तिच्याकडं. चेहऱ्यावर अदबशीर हसू होतं.

"बाई, तुमी कुणाकडनं आलाय?"

"थट्टा पुरे झाली, साहेब."

"थट्टा न्हवं. मशीनच्या खोलीत असं भाईरच्यानं येऊ नये." आवाज चढला नव्हता. तोच सर्वांत वाईट भाग होता. "आकाराम, यांना कोण पायजे बघ जरा."

ती उठली ती ताडकन. त्यांना जे बोलायचं ते बोलली, त्यात आई-बाप काढायचंही शिल्लक ठेवलं नाही, आणि जिना उतरून कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या दुकानात गेली. या सगळ्याच्या मुळाशी एकच माणूस होता. पुण्याचा नंबर लागला.

"मीनाक्षी! कशी आहेस गं? आक्का कशा आहेत?" यज्ञेश्वर आपलं जुनंच मऊ बोलत होता. तिच्या आईला तो आक्का म्हणायचा.

"तुझी पंगत काढली मी. त्यात काय घालून ठेवलं होतंस?"

"सगळी काढलीस?"

"सगळी. एक शब्द राहिला होता. रिकामा. तोही काढला."

"तो रिकामा नव्हता," यज्ञेश्वर हळू म्हणाला. "मी तो आणला नाही, मीनाक्षी. मी लिहायला बसायचो तेव्हा तो आधीपासून दारात उभा असायचा. कुणी टाइप केलेला नसायचा. मशीन अडून राहायचं. मग आक्कांसारखं केलं, बसायला जागा दिली. त्यानंतर अडलं नाही. पण त्याच्याकडं पाठ करून बसणं मला जमेना."

"म्हणून आम्हाला त्याच्याजवळ टाकून पळालास. भेकड कुठला!"

"हो," तो म्हणाला. "मी सांगायला हवं होतं. त्याचं जेवण झालं होतं का गं, तू त्याला..."

तारेत खरखर झाली. तिच्या कानात ती खरखर करकरीसारखी वाजली. मग त्याचा आवाज परत आला, स्वच्छ.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"मीनाक्षी! अजून कोण?"

"कोण मीनाक्षी? कुठून बोलताय आपण?"

"यज्ञ्या, थोबाड फोडीन."

"बाई, आपला नंबर चुकलाय," तो म्हणाला. खोटं बोलणाऱ्याच्या आवाजात थोडी घाई असते. त्याच्या आवाजात ती नव्हती. त्यानं फोन ठेवला.

६

सायकल ऑफिसच्या खाली राहिली होती. ती चालत निघाली, मग धावत. शाहूपुरीतून मंगळवार पेठेपर्यंत ओळखीची दुकानं, ओळखीची माणसं. रोज हात करणारा पानवाला आज दुसरीकडं बघत होता. तिला सगळ्यांचा राग येत होता आणि त्या रागालाच धरून ती चालत होती. आई होती. जगानं काय वाट्टेल ते करावं, धोंडूबाईच्या दारात उभं राहिलेलं कुणी आजपर्यंत उपाशी गेलं नव्हतं. आणि ती तर पोटची पोर.

जेवणाची वेळ झाली होती. दाराबाहेर गिऱ्हाइकांच्या पायताणांची रांग होती. रांगेच्या टोकाला तो जोड होता. एका बाजूला झिजलेल्या टाचा, पुन्हा शिवलेले अंगठे, पांढरी धूळ. नीट जोडून ठेवलेला.

तिनं आपल्या चपला त्याच्या शेजारी काढल्या आणि आत पाऊल टाकलं.

पंगत बसली होती. कारकून, मास्तर, पोरं, सगळे खाली मान घालून जेवत होते. रश्श्याचा वास होता, भाकऱ्या थापल्याचा आवाज होता. दाराजवळचा पाट काल तिनं उभा केला तसाच भिंतीला उभा होता. आणि चुलीशेजारच्या पाटावर, तिच्या पाटावर, कुणीतरी पाठमोरं जेवत होतं. मीनाक्षीसारखीच वेणी दिसत होती. धुरात तेवढीच दिसत होती. एक हात ताटाकडं जाऊन परत येत होता, सावकाश, पण न थांबता. त्या मनगटात तिच्या बापाचं घड्याळ होतं.

"आई," मीनाक्षी म्हणाली.

धोंडूबाईनं चुलीपासून मान वळवली. तळहातानं धूर बाजूला सारला. तिच्या कपाळाला आठी पडली, अनोळखी माणूस आल्यावर पडते तेवढीच.

"कोण पायजे?"

"आई, मी. मीना."

"मीना जेवतीया माझी," धोंडूबाई म्हणाली, आणि त्या पाटाकडं बघताना तिचं तोंड मऊ झालं. "लई भुकेली आलीया. कुठंतरी भरल्या ताटावरनं उठवलं म्हणं तिला कुणीतरी. कसल्या काळजाची माणसं असत्यात एकेक!" तिनं गरम भाकरी उचलून त्या ताटात वाढली. "घे माझे बाई. आता कोण न्हाय उठवत तुला."

हात पुढं आला. भाकरी घेतली. चघळल्याचा आवाज मीनाक्षीला चांगला ओळखीचा होता.

तिनं ओरडायचं ठरवलं होतं. पाठीत लाथ घालून त्या पाटावरच्याला ओढून काढायचं ठरवलं होतं. पण तिच्या घशातून निघालं ते वेगळंच. "मला बसायला तरी द्या की."

धोंडूबाईची नजर भिंतीला उभ्या पाटाकडं गेली. क्षणभर तिथं रेंगाळली, काहीतरी आठवतंय का बघत असल्यासारखी.

"जागा न्हाय बाई," ती म्हणाली. "वळख न्हाय, पाळख न्हाय. पुढचं दार बघा."

त्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. जेवणाऱ्यांपैकी एकानंही मान वर केली नाही.

मीनाक्षी मागं सरत बाहेर आली. उंबऱ्याबाहेर तिच्या चपला नव्हत्या. रांगेच्या टोकाला तो जुना जोड तेवढा होता, तोंड रस्त्याकडं करून ठेवलेला. दुपारच्या उन्हानं फरशी तापली होती, पाय भाजत होते. ती थोडा वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. मग तिनं ती पायताणं घातली. मापाची होती.

आतून आईचा आवाज आला. "गेलं का गं ते दारातलं?"

"गेलं असंल की! सारखं काय त्याचंच," कुणीतरी तोंडात घास असताना फणकारलं. तो चिडका आवाज मीनाक्षीचाच होता, अगदी तिच्यासारखा तुसडा. तो राग तिनं आपल्या छातीत चाचपून बघितला आणि तिथं भुकेशिवाय काही सापडलं नाही.

ती चालायला लागली. पायताणं करकरली.